पर्यावरण आणि ऊर्जा अभ्यासक्रमातील संख्यात्मक पद्धती: सुरुवात कशापासून करावी आणि काय वगळावे?

परिमाण (धागाकर्ता)

पर्यावरण आणि ऊर्जा या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ‘संख्यात्मक पद्धती’ हा विषय मी बरीच वर्षे शिकवत आहे. हाताशी एकच सत्र असते. परीक्षा आणि सुट्ट्या वगळल्या की चौदा आठवडे उरतात. वर्गात अभियांत्रिकी केलेले विद्यार्थी असतात, तसेच जीवशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल आणि कायदा शिकून आलेलेही असतात. काहींना विकलन समीकरणे सहज सोडवता येतात, तर काहींनी शाळा सुटल्यापासून लॉगॅरिथम पाहिलेला नसतो. छापील अभ्यासक्रमाचा क्रम मात्र ठरलेला आहे: आधी सरासरी आणि प्रमाण विचलन, मग संभाव्यता, मग गृहीतकांच्या चाचण्या, मग रिग्रेशन (नोंदींना रेषा बसवून राशींमधील संबंध काढणे), आणि वेळ उरलाच तर शेवटच्या दोन आठवड्यांत मॉडेलिंग. पुढील वर्षी हा क्रम बदलण्याची मुभा मिळाली आहे. शिकवणाऱ्यांचे आणि अशा अभ्यासक्रमातून गेलेल्यांचे मत समजून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

माझे मत आधी मांडतो. या विषयाची सुरुवात सांख्यिकीपासून होऊ नये. ती एकके, ढोबळ अंदाज आणि समतोल यांपासून व्हावी. समतोल म्हणजे आत किती आले, बाहेर किती गेले आणि साठ्यात किती उरले याचा हिशेब, मग तो पाण्याचा असो, कार्बनचा असो किंवा उष्णतेचा. हा हिशेब पक्का नसलेल्या विद्यार्थ्याच्या हाती रिग्रेशन दिले, तर तो उत्तर काढतो, पण ते उत्तर शक्य कोटीतले आहे की नाही हे त्याला कळत नाही.

पहिल्या तासाला मी एक प्रश्न देतो. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण १ पीपीएमने (दहा लाख रेणूंमागे एका रेणूने) वाढायचे असेल, तर हवेत किती टन वायूची भर पडावी लागेल? पुस्तक नाही, फोन नाही, फक्त कागद आणि पेन्सिल. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो, एवढे मी फळ्यावर लिहून देतो. त्याला गुरुत्वीय त्वरणाने भागले की प्रत्येक चौरस मीटरवर साधारण १० टन हवा उभी आहे हे निघते, आणि तिथेच अनेकांचे डोळे विस्फारतात. पृथ्वीचे क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे सर्व हवेचे वजन ५१ वर १४ शून्ये इतके टन. त्याचा दशलक्षावा भाग सुमारे ५.१ अब्ज टन होतो. निम्मा वर्ग इथे थांबतो आणि उत्तर चुकते, कारण पीपीएम हे माप रेणूंच्या संख्येचे आहे, वजनाचे नाही. कार्बन डायऑक्साइडचा रेणूभार ४४ आणि हवेचा सरासरी २९, म्हणून ४४ भागिले २९ ने गुणावे लागते आणि उत्तर पावणेआठ अब्ज टनांच्या आसपास येते. मोठ्या मॉडेलमधून येणारा आकडाही जवळपास हाच आहे.

खरी गंमत पुढच्या पायरीत आहे. जीवाश्म इंधने आणि सिमेंट यांतून अलीकडच्या वर्षांत दरसाल सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो सगळा हवेतच राहिला असता तर प्रमाण वर्षाला पावणेपाच पीपीएमने वाढले असते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतील मौना लोआ येथे जे मोजमाप सुरू केले, त्या नोंदींत मात्र अलीकडची वाढ वर्षाला अडीच पीपीएमच्या आसपास दिसते. मग उरलेला वायू गेला कुठे? समुद्र, जंगले आणि माती यांच्याकडे विद्यार्थी स्वतःच्या हिशेबाने पोहोचतात, आणि ‘शोषण’ हा शब्द त्यानंतर त्यांच्यासाठी पाठांतराचा राहत नाही.

साठा आणि प्रवाह यांतील गोंधळ हुशार माणसांचाही होतो, हे नोंदवून ठेवतो. जॉन स्टर्मन आणि लिंडा बूथ स्वीनी यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एमआयटीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण स्थिर करण्यासाठी उत्सर्जनाची वाट रेखाटायला सांगितले होते. उत्सर्जन स्थिर झाले की प्रमाणही स्थिर होईल, असे त्यांच्यातील बहुसंख्यांनी मानले. नळ तितक्याच जोरात चालू ठेवला आणि मोरीतून कमी पाणी जात असेल, तर टाकीतील पातळी चढतच राहते, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. आलेखापुढे बसल्यावर ते आठवले नाही.

पहिले चार आठवडे मी यावर घालवले, तर काय कमी करावे? माझा कल गृहीतकांच्या चाचण्या आटोपत्या घेण्याकडे आहे. तुमचे काय मत आहे?

नदीकाठ

परिमाण, तुमच्या मताला माझा मनापासून पाठिंबा आहे, आणि तो विद्यार्थिनीच्या बाजूने आहे. मी जीवशास्त्राकडून या क्षेत्रात आले. विकलन समीकरण म्हटले की माझी वही बंद व्हायची. आमच्या अध्यापिकेने समीकरणाचे नावही न घेता नदीतील प्राणवायूचा प्रश्न घातला. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीच्या अभ्यासातून १९२५ मध्ये मांडलेले ते मॉडेल आहे, हे मला पुष्कळ नंतर कळले.

प्रश्न असा होता. नदीत सांडपाणी मिसळते. त्यातील सेंद्रिय द्रव्याला कुजण्यासाठी लिटरमागे २० मिलिग्रॅम प्राणवायू लागणार आहे. रोज उरलेल्या मागणीच्या ३० टक्के प्राणवायू खर्च होतो, आणि जितकी तूट असेल तिच्या ५० टक्के भरपाई हवेतून होते. संपृक्त पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. आम्ही आलेखाच्या कागदावर एकेक दिवस पुढे सरकत गेलो. पहिल्या दिवशी ६ खर्च झाले, तूट ६. दुसऱ्या दिवशी ४.२ खर्च, ३ ची भरपाई, तूट ७.२. तिसऱ्या दिवशी खर्च २.९ आणि भरपाई ३.६, म्हणून तूट कमी होऊन ६.५. नदीची सर्वांत वाईट अवस्था सांडपाणी मिसळते तिथे नसून दोन दिवसांच्या प्रवाहाइतकी खाली आहे, हे कागदावर उमटताना मी पाहिले. मासे तिथे मरतात आणि दोष भलत्याच गावावर येतो, असे अध्यापिका म्हणाल्या होत्या.

त्यानंतर त्यांनी तोच हिशेब अर्ध्या दिवसाच्या पावलांनी करायला लावला. सर्वांत मोठी तूट ७.२ वरून ६.२ वर आली. शेवटी त्यांनी अचूक सूत्र फळ्यावर लिहिले, त्यातून ५.६ आले. पाऊल लहान केले की उत्तर सत्याकडे सरकते, आणि मोठे पाऊल टाकून काढलेले उत्तर नदीबद्दल जितके सांगते तितकेच आपल्या घाईबद्दलही सांगते, ही शिकवण मला त्या एका दुपारी मिळाली. सांख्यिकी मी नंतर शिकले आणि मला ती जड गेली नाही.

घनमूळ

सुरुवात एककांपासून व्हावी हे मान्य आहे. सरासरी मात्र त्याच चार आठवड्यांत यायला हवी, आणि व्याख्या म्हणून न येता सापळा म्हणून यायला हवी.

मी पवनऊर्जेच्या अंदाजांवर काम करतो. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते, हे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. तरीही बहुतेकजण वेगाची वार्षिक सरासरी घेतात आणि तिचा घन करतात. समजा वारा निम्मा वेळ सेकंदाला ४ मीटर आणि निम्मा वेळ ८ मीटर वाहतो. सरासरी ६, तिचा घन २१६. पण ४ चा घन ६४ आणि ८ चा घन ५१२, त्यांची सरासरी २८८. म्हणजे सरासरीचा घन आणि घनांची सरासरी यांत एक तृतीयांशाचा फरक पडला, आणि इथे मोजण्यात कोणाचीही चूक नाही. खऱ्या ठिकाणी वेगाचे वितरण पुष्कळदा रॅले वितरणाच्या (मंद वारा पुष्कळ वेळ, जोराचा क्वचित, अशा आकाराच्या) जवळ जाते. तिथे हे गुणोत्तर जवळजवळ १.९ होते.

अडचण एवढ्यावर संपत नाही. घनांची योग्य सरासरी घेतली तरी पवनचक्की त्या सगळ्या शक्तीचा उपयोग करू शकत नाही. बेट्झ यांच्या मर्यादेनुसार कोणत्याही चक्कीला ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त शक्ती काढता येत नाही, आणि ठरावीक वेगाच्या पुढे चक्की स्वतःच उत्पादन रोखून धरते. म्हणून विद्यार्थ्यांनी वर्षातील ८,७६० तासांची प्रत्येक नोंद चक्कीच्या वक्रातून (कोणत्या वेगाला किती वीज, या आलेखातून) स्वतः एकदा तरी काढावी. स्प्रेडशीटमध्ये हे काम एका तासिकेत होते. सौरऊर्जा, विजेची मागणी, साठवण, सगळीकडे हीच गोष्ट आहे: वार्षिक बेरीज जुळते, पण रात्रीचे सात वाजलेले असताना काय होते हे ती बेरीज सांगत नाही.

निरीक्षणवही

मी थोडा विरोध नोंदवते. समतोलाचे महत्त्व निर्विवाद आहे, पण सांख्यिकी मागे ढकलली की ती शेवटी घाईत शिकवली जाते, आणि पर्यावरणाच्या विदेवर (डेटावर) घाईत शिकलेली सांख्यिकी घातक ठरते. पाठ्यपुस्तकातील पद्धती गृहीत धरतात की निरीक्षणे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. आपल्याकडे ती क्वचितच तशी असतात. वर्षभराच्या रोजच्या तापमानाच्या ३६५ नोंदी असतील आणि आजच्या विचलनाचा कालच्याशी सहसंबंध ०.८ असेल, तर सरासरीची अनिश्चितता काढताना त्या नोंदींचे मोल सुमारे ४० स्वतंत्र नोंदींइतकेच राहते. हे न कळलेला विद्यार्थी प्रत्येक कल ‘लक्षणीय’ ठरवत सुटतो.

दुसरा प्रश्न उपकरणाच्या मर्यादेखालील नोंदींचा आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘०.५ पेक्षा कमी’ असे लिहिलेले असते. त्या जागी शून्य घालावे, ०.२५ घालावे की ती ओळच गाळावी? तिन्ही सवयी सर्वत्र दिसतात आणि तिन्ही उत्तर वाकवतात. वैद्यकातील जीवितकालाच्या विश्लेषणातून आलेल्या पद्धती इथे नीट लागू पडतात, आणि त्या शिकवायला एक आठवडा पुरतो. हा आठवडा कृपया काढू नका.

तिसरे, विचित्र वाटणाऱ्या नोंदींचे काय करावे? अंटार्क्टिकावरील ओझोनचे छिद्र उपग्रहाला आधीच दिसले होते, पण संगणकाने त्या नोंदी अशक्य मानून फेकून दिल्या, आणि १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी जमिनीवरील साध्या उपकरणाने तो शोध जाहीर केला. मी ही गोष्ट दरवर्षी सांगते.

दक्षिणायन

निरीक्षणवही, तुमचा मुद्दा मोलाचा आहे, पण ओझोनची गोष्ट ज्या रूपात सांगितली जाते त्या रूपात घडलेली नाही. नोंदी फेकल्या गेल्या नव्हत्या. निंबस-७ उपग्रहाच्या विदेवर प्रक्रिया करणारी प्रणाली १८० डॉबसन एककांच्या (ओझोनच्या थराच्या मापाच्या) खालील मूल्यांवर संशयाची खूण करत असे, आणि त्या खुणा वाढल्याचे संबंधित शास्त्रज्ञांच्या लक्षातही आले होते. त्यांनी दक्षिण ध्रुवावरील तळाच्या नोंदींशी पडताळा घेतला. त्या नोंदी चुकीने जास्त होत्या, त्यामुळे संशय उपग्रहाच्या उपकरणाकडे वळला. विदा जतन झालेली होती म्हणूनच नंतर ती पुन्हा तपासता आली आणि छिद्राचा विस्तार किती आहे हे नकाशावर दाखवता आले.

मला हे रूप शिकवण्यासाठी अधिक उपयोगी वाटते. ‘संगणकाने फेकून दिले’ म्हटले की दोष यंत्रावर जातो आणि विद्यार्थी निश्चिंत होतो. प्रत्यक्षात खूण होती, ती पाहणारी माणसे होती, पडताळाही घेतला गेला, आणि ज्याच्याशी पडताळा घेतला तीच नोंद चुकीची होती. अशा वेळी काय करावे याचे उत्तर कोणत्याही एका सूत्रात नाही, म्हणून त्यावर वर्गात चर्चा व्हायला हवी.

निरीक्षणवही

दुरुस्तीबद्दल आभार, दक्षिणायन. पुढच्या वेळी मी हेच रूप सांगेन, आणि मी इतकी वर्षे दुसरे सांगत होते हेही विद्यार्थ्यांना सांगेन. मूळ नोंद कधीही पुसायची नाही, खूण वेगळ्या रकान्यात करायची, हा नियम या गोष्टीतून अधिक ठळक होतो.

उष्मांक

एककांवर चार आठवडे जास्त होतात असे कोणाला वाटत असेल, तर माझा अनुभव ऐकावा. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका मोठ्या इमारतसमूहाच्या तापनव्यवस्थेचा अहवाल केला होता. जुना बॉयलर बदलून नवा बसवला तर इंधन किती वाचेल, असा प्रश्न होता. नव्या बॉयलरची कार्यक्षमता मी उत्पादकाच्या पत्रकातून घेतली आणि जुन्याची आमच्या स्वतःच्या मोजमापातून. बचत भरघोस दिसली, अहवाल गेला, खर्च मंजूर झाला. पहिल्या हिवाळ्यानंतर बिले पाहिली तेव्हा बचत सांगितल्याच्या निम्मीही नव्हती.

कारण शोधायला मला तीन दिवस लागले. इंधनाच्या उष्मांकाची दोन मापे असतात. मिथेनच्या एका किलोग्रॅममधून ५५.५ मेगाज्यूल मिळतात असे म्हणतात तेव्हा ज्वलनात तयार झालेल्या वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णताही त्यात धरलेली असते. ती वगळली की ५० उरतात. पत्रकातील कार्यक्षमता निम्न उष्मांकावर होती, आमचे मोजमाप उच्च उष्मांकावर. दहा टक्क्यांचा फरक कोणत्याही समीकरणात दिसत नव्हता, कारण दोन्हीकडे एकक तेच होते, मेगाज्यूल. चूक पूर्णपणे माझी होती आणि ती मी लेखी मान्य केली, पण लोकांचे पैसे खर्च होऊन गेले होते आणि त्याची टोचणी अजून आहे.

हाच फरक राष्ट्रांच्या आकडेवारीतही असतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था निम्न उष्मांक वापरते, अमेरिकेची ऊर्जा माहिती संस्था उच्च. दोन तक्ते शेजारी ठेवून तुलना करणाऱ्या विद्यार्थ्याला हे पहिल्या महिन्यात कळायला हवे. एकक लिहिणे पुरेसे नाही. ते कशाचे आणि कोणत्या सीमेपर्यंतचे माप आहे हेही लिहायला हवे. ‘टन कार्बन’ की ‘टन कार्बन डायऑक्साइड’ हा ४४ भागिले १२ चा, म्हणजे जवळजवळ पावणेचार पटींचा घोळ तर रोजचा आहे.

अर्थविचार

आतापर्यंतच्या चर्चेत पैशाचा आणि काळाचा हिशेब आलेला नाही. वटाव दर, म्हणजे भविष्यातील रकमेचे आजचे मोल ज्या दराने दरवर्षी कमी धरतात तो, ज्याला वर्गात सगळे डिस्काउंट रेट म्हणतात, या अभ्यासक्रमात बहुतेक ठिकाणी एका सूत्रापुरता शिकवला जातो. प्रकल्पाचे निव्वळ वर्तमान मूल्य काढले की झाले. माझ्या मते इथे थांबून दोन तासिका द्याव्यात, कारण गणित आणि नीती यांची गाठ इतकी उघड दुसरीकडे दिसत नाही.

फ्रँक रॅम्झी यांच्या १९२८ च्या लेखातून आलेला संबंध सोपा आहे: वटाव दर म्हणजे शुद्ध कालप्राधान्य (केवळ नंतरचे म्हणून कमी मोल देणे), अधिक उपभोगाची वाढ गुणिले एक लवचिकता (श्रीमंत होत जाताना जादा पैशाचे मोल किती वेगाने घटते त्याचे माप). अर्थशास्त्रज्ञ निकोलस स्टर्न यांच्या हवामानबदलावरील २००६ च्या अहवालात कालप्राधान्य ०.१ टक्के, लवचिकता १ आणि वाढ १.३ टक्के धरली आहे. दर येतो १.४. दुसरे अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी त्याच सुमारास आपल्या मॉडेलमध्ये कालप्राधान्य १.५ टक्के आणि लवचिकता २ घेतली. तुलनेसाठी वाढ तीच ठेवली तरी दर ४.१ होतो. आता विद्यार्थ्यांना सांगावे की शंभर वर्षांनी होणारे १०० एककांचे नुकसान आजच्या किमतीत काढा. पहिल्या दराने सुमारे २५ येतात, दुसऱ्याने दोनाहूनही कमी. हवामानाचे विज्ञान दोन्हीकडे तेच आहे. धोरण घाईचे असावे की सावकाशीचे, हा वाद त्या एका ओळीत मोठ्या प्रमाणात ठरून जातो.

मी वर्गात कोणती बाजू बरोबर हे सांगत नाही, पण दर न सांगता उत्तर देणारी उत्तरपत्रिका मी स्वीकारत नाही. पुढच्या पिढीचे सुख आजच्यापेक्षा कमी मोलाचे आहे का, हा प्रश्न दशांश चिन्हामागे लपलेला असतो, आणि तो बाहेर काढणे हे मला या विषयाचे मोठे काम वाटते.

ताळेबंद

मी ऊर्जाव्यवस्थेची मोठी मॉडेल चालवतो, म्हणून परिमाण यांच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे काय वगळावे याकडे, त्या बाजूने येतो. मॉडेलिंगच्या आठवड्यांत विद्यार्थ्यांना तयार प्रणाली उघडून देऊ नये. बटण दाबले की रंगीत आलेख येतो आणि त्या रंगांना अधिकार प्राप्त होतो. त्याऐवजी दोन वीजकेंद्रे, एक मागणी आणि उत्सर्जनाची एक मर्यादा एवढेच घेऊन लिनिअर प्रोग्रॅमिंगचा (सरळ रेषांच्या मर्यादांत सर्वांत कमी खर्चाचे उत्तर शोधण्याचा) प्रश्न आलेखावर हाताने सोडवावा. जॉर्ज डॅन्झिग यांनी १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत शोधली; मारकल आणि मेसेज यांसारखी दीर्घकालीन मॉडेल आजही मुळात त्याच प्रकारचे गणित सोडवतात. हाताने सोडवताना दोन गोष्टी दिसतात ज्या पडद्यावर दिसत नाहीत.

पहिली गोष्ट अशी की उत्तर नेहमी कोपऱ्यावर येते. एका केंद्राचा खर्च ५.० आणि दुसऱ्याचा ५.१ असेल, तर मॉडेल मिळेल तेवढे सगळे पहिल्याकडे ढकलते, पहिल्याचा खर्च ५.२ झाला की सगळे दुसऱ्याकडे जाते. चार टक्क्यांच्या अंदाजाच्या फरकाने पूर्ण भविष्य उलटे होते. म्हणून सर्वोत्तम उत्तराच्या जवळपास, समजा पाच टक्के जास्त खर्चात, आणखी किती वेगवेगळी उत्तरे बसतात हे पाहणे मला एका सर्वोत्तम उत्तरापेक्षा महत्त्वाचे वाटते. दुसरी गोष्ट छाया किमतीची. उत्सर्जनाची मर्यादा एका टनाने सैल केली तर एकूण खर्च किती कमी होतो, हे हाताने काढले की कार्बनची किंमत म्हणजे काय हे अर्थशास्त्र न शिकलेल्यालाही उमगते.

एवढे तीन आठवड्यांत होते. अनिश्चिततेसाठी मोंटे कार्लो पद्धत (यादृच्छिक आकडे घालून तोच हिशेब हजारो वेळा करणे) वेगळी शिकवू नका. घनमूळ यांच्या वाऱ्याच्या आणि उष्मांक यांच्या बॉयलरच्या उदाहरणावरच ती चालवा. गृहीतकांच्या चाचण्या आटोपत्या घेण्याला माझी हरकत नाही, पण निरीक्षणवही यांनी सांगितलेल्या स्वयंसहसंबंधाला, म्हणजे आजच्या नोंदीच्या कालच्या नोंदीशी असलेल्या सहसंबंधाला, एक आठवडा मात्र ठेवावा. तो माहीत नसल्यामुळे माझ्याकडे येणारी मागणीची भाकिते वारंवार परत पाठवावी लागतात.

नदीकाठ

एक व्यावहारिक शंका. कोणती संगणकभाषा शिकवावी यावर आमच्या वर्गात तीन आठवडे गेले होते, आणि जे घाबरलेले होते ते तिथेच गळाले. यावर काय उपाय आहे? आणि परीक्षा कशी घेता? हाताने अंदाज काढायला शिकवून परीक्षेत सूत्रांची पाठांतरे विचारली, तर सगळे पुन्हा पाठांतराकडेच वळतात.

परिमाण (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निरीक्षणवही यांच्या विरोधामुळे माझे मत बदलले आहे. सांख्यिकी मागे ढकलण्याऐवजी ती समतोलाच्या प्रश्नांच्या आतच आणतो. कीलिंग यांच्या नोंदींवरच दरवर्षीची वाढ काढायची, तिथेच ऋतुचक्र काढून टाकायचे, तिथेच लागोपाठच्या महिन्यांचा सहसंबंध मोजायचा. मर्यादेखालील नोंदींना एक पूर्ण आठवडा राहील. गृहीतकांच्या चाचण्यांचे तीन आठवडे एकावर येतील. वटाव दराला दोन तासिका, हाताने सोडवायच्या लिनिअर प्रोग्रॅमिंगला तीन आठवडे.

नदीकाठ, तुमच्या शंकेबद्दल. पहिले सहा आठवडे कागद आणि स्प्रेडशीट एवढेच असेल. सातव्या आठवड्यात पायथन येईल, पण कोरा पडदा कोणाच्याही समोर ठेवणार नाही. तुमच्या नदीचाच हिशेब चालणाऱ्या रूपात देईन आणि पावलाची लांबी बदलायला सांगेन. ज्याने तो कागदावर केला आहे त्याला त्या दहा ओळी वाचता येतात.

परीक्षेत सूत्रांचा कागद आणि स्थिरांकांचा तक्ता आम्ही देतो, आणि पुस्तक उघडे ठेवायला परवानगी असते. गेल्या सत्रातील एक प्रश्न इथे देतो. ‘एका प्रसिद्धिपत्रकात म्हटले आहे की विशिष्ट प्रकल्पामुळे वर्षाला १० लाख टन कार्बन वाचेल. या वाक्यावरून निर्णय घेण्याआधी तुम्ही कोणते पाच प्रश्न विचाराल? प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराने आकडा साधारण किती पटींनी बदलू शकतो ते अंदाजाने लिहा.’ कार्बन की कार्बन डायऑक्साइड, कशाच्या तुलनेत वाचेल, किती वर्षे, गळती कुठे, आणि तो प्रकल्प नसता तर काय झाले असते, अशी उत्तरे अपेक्षित होती. एका विद्यार्थिनीने सहावा प्रश्नही लिहिला: हा आकडा कोणी मोजला, आणि मोजणाऱ्याच्या वहीतील मूळ नोंदी आम्हाला पाहायला मिळतील का? तिला मी त्या प्रश्नाचे पूर्ण गुण दिले, आणि यंदापासून प्रश्नपत्रिकेत ‘पाच’च्या जागी ‘सहा’ छापले जाईल.